भिजत पडलेली सहा घोंगडी आणि एक चरखा

पत्र:

सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात पलंगाखालची ट्रंक उपसली, तर सहा अर्धवट विणकामं निघाली. भाच्यासाठी घातलेला बाळाचा स्वेटर, त्याचा फक्त गळा राहिलाय (भाचा आता दहावीत आहे). यांचा हाफ स्वेटर, पाठ पूर्ण, पुढचा भाग मुंढ्यापर्यंत आला आणि लोकर संपली. माझं कार्डिगन, पाचही भाग विणून तयार, पण शिवलेलं नाही. जाळीची शाल, तिच्यातले टाके निसटलेत आणि नमुन्याचा कागद हरवलाय. एकच पायमोजा. आणि हातभर मफलर. हे म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ त्यात आता मला सूत कातायची हौस आली आहे. सासऱ्यांचा पेटी चरखा माळ्यावर आहे. सिन्नरजवळ शेतात मेंढ्या बसवलेल्या एका धनगर कुटुंबाकडून दोन किलो लोकर घेऊन ठेवली आहे. ती चरख्यावर कातून यांचा स्वेटर पुरा करता येईल का? की आधी ट्रंक रिकामी करू आणि मग कताईकडे वळू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर:

ताई, दोन्ही कामं बरोबरीनं सुरू करा, पण त्यांची एकमेकांशी गाठ मारू नका. धनगराकडची लोकर यजमानांच्या स्वेटरला चालणार नाही, आणि ती पेटी चरख्यावर कातलीही जाणार नाही. दोन्हींची कारणं पुढे येतीलच. आधी ट्रंक.

तुमची यादी नीट पाहिली, तर मफलर सोडून एकही काम कंटाळ्यानं थांबलेलं नाही. गळ्याचे टाके उचलायचे होते तिथे पहिलं थांबलं, लोकर संपली तिथे दुसरं, शिलाई आली तिथे तिसरं, ओळ चुकली तिथे चौथं. सुलट-उलट विणणं सोडून वेगळं काही करायची वेळ आली की काम ट्रंकेत गेलं. म्हणजे राहिलंय ते विणकाम फारसं नाहीच. तीन-चार छोट्या क्रिया राहिल्यात, आणि प्रत्येक एकेका संध्याकाळी जमण्यासारखी आहे.

सगळं काही उन्हात पसरून आधी कसर लागली आहे का बघा. बारीक भोकं, वाळूसारखी विष्ठा, जाळ्याचे तंतू दिसले तर ती वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. उणे १८ अंशांना अळी आणि अंडी दोन्ही मरतात. कडुनिंबाच्या पाल्यानं आत शिरलेली अळी मरत नाही. कसर प्राण्यांच्या केसांवर जगते, निव्वळ ॲक्रिलिक खात नाही. म्हणून कोणती लोकर खरी आणि कोणती ॲक्रिलिक, हे कळायला हवं. दुकानात दोन्हींना ‘लोकर’च म्हणतात. प्रत्येकीचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीवर पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखी वासते, ज्योत काढली की विझते आणि राख चिमटीत चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याचा काळा कडक मणी होतो (तो लगेच हातात घेऊ नका). ही ओळख पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहे, म्हणून निकाल कागदावर लिहून त्या त्या कामाला टाचून ठेवा.

पहिलं हातात घ्या ते कार्डिगन. विणकाम झालेलं आहे, आणि दिवाळीनंतर निफाडकडचा गारठा शहरात उतरायला लागला की ते अंगावर हवं. भाग शिवण्याआधी मापात बसवावे लागतात, आणि बहुतेकांची शिलाई इथेच फसते. गुंडाळलेल्या कडा तशाच शिवल्या तर शिवण वेडीवाकडी येते आणि मग ‘मला शिवता येत नाही’ असं वाटतं. खरी लोकर असेल तर भाग कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सतरंजीवर दुसरा टॉवेल अंथरून त्यावर मापाप्रमाणे पसरा आणि न गंजणाऱ्या टाचण्या लावून सुकू द्या. ॲक्रिलिक असेल तर पसरून, टाचून वरून पाण्याचा हलका फवारा मारा. इस्त्री टेकवायची नाही. वाफेची इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरून एकदाच फिरवली तर चालते. जास्त उष्णता लागली की ॲक्रिलिकचा ताठपणा जातो, ते लुळं पडतं आणि पुन्हा कधीही पूर्ववत होत नाही.

शिवायचा क्रम असा: आधी दोन्ही खांदे, मग बाहीचा गोल माथा मुंढ्यात बसवायचा, आणि शेवटी बगलेची शिवण व बाहीची शिवण एकाच दमात. दोन्ही भाग सुलट बाजू वर करून शेजारी ठेवा. कडेचा पहिला टाका आणि दुसरा टाका यांच्यामध्ये आडव्या बारीक पायऱ्या दिसतात, शिडीसारख्या. बोथट सुईनं उजव्या भागाच्या दोन पायऱ्या उचला, मग डाव्याच्या दोन, पुन्हा उजव्याच्या. पाच-सहा सेंटिमीटर झालं की धागा हळूच ओढा, शिवण आपोआप आत लपते. धागा पाऊण हातापेक्षा लांब घेऊ नका, लोकर ओढून ओढून विरळ होते आणि तुटते. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा थोडा मोठा वाटला तर घाबरू नका. मधला बिंदू खांद्याच्या शिवणीला टाचा, दोन टोकं बगलेला टाचा आणि जास्तीचं वरच्या एक तृतीयांश भागात वाटून घ्या.

बाळाच्या स्वेटरचं वय निघून गेलं, पण गळा ही दोन तासांची गोष्ट आहे आणि कुणाच्या ना कुणाच्या घरी बाळ येतंच. सुलट विणीत आडव्या, बंद केलेल्या कडेवर टाक्याला टाका उचलायचा. उभ्या कडेवर मात्र चार ओळींमागे तीनच टाके उचलायचे. कारण टाका रुंद असतो आणि बुटका असतो. डबल निटिंग लोकरीत (म्हणजे नेहमीच्या स्वेटरच्या मध्यम जाडीच्या लोकरीत) चार मिलिमीटरच्या सुयांवर दहा सेंटिमीटरला साधारण २२ टाके बसतात आणि ३० ओळी. चारही उचलले तर गळा झालरीसारखा फुलतो, दोनच उचलले तर आवळतो. पट्टी एक सुलट एक उलट, १० नंबरच्या सुयांवर. टाके बंद करताना मात्र ८ नंबरची सुई घ्या. वर्षाच्या आसपास बाळाच्या डोक्याचा घेर छातीइतकाच असतो, सुमारे ४६ सेंटिमीटर. म्हणून घट्ट बंद केलेला गळा डोक्यातून जाता जात नाही आणि सगळा स्वेटर वाया जातो. घेर ताणून तेवढा होत नसेल तर एक खांदा उघडा ठेवून दोन बटणं लावा.

नंबरांवरून आठवलं. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत, नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: ८ म्हणजे चार मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकन नमुन्यात उलटं. तिथली ८ नंबर म्हणजे पाच मिलिमीटर. व्हिडिओ बघून विणलेला स्वेटर आखूड-तोकडा होतो तो पुष्कळदा यामुळे. नंबर वाचू नका, मिलिमीटर वाचा.

आता यजमानांचा हाफ स्वेटर. उसवायच्या आधी त्यांच्या छातीचं माप आज घ्या. ते बदललं असेल तर पुढचं सगळं गणित बदलतं. माप तेच असेल, तर लोकर कमी पडल्यावर तसाच रंग शोधत मेन रोडवरची दुकानं पालथी घालू नका. लेबलवरचा डाय लॉट (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) जुळल्याशिवाय रंग जुळत नाही, आणि दुकानाच्या दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसतो. त्यापेक्षा हे करा. पाठीच्या मुंढ्याच्या ओळीतून शिवणाचा पक्का दोरा सगळ्या टाक्यांमधून ओवून ठेवा. बारीक सुई घेऊन त्या एकाच ओळीतल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय उचलत जा आणि मग सुईच्या वाटेनं दोरा घाला. आता वरून, म्हणजे खांद्याकडून उसवायला घ्या. दोऱ्याशी येऊन काम आपोआप थांबेल. (खालच्या कडेकडून उसवायचा प्रयत्न करू नका. टाके घातले त्या बाजूनं वीण सरळ सुटत नाही, गुंता होतो.)

मुंढ्याच्या वरची पाठ उसवून जेवढी लोकर निघेल ती स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. समजा ९० ग्रॅम निघाली. मग दुसऱ्या शोभेल अशा रंगाची, त्याच जाडीची ९० ग्रॅम लोकर घ्या आणि पाठ व पुढचा भाग दोन्ही मुंढ्यापासून वर दोन-दोन ओळींच्या पट्ट्यांत विणा. जुन्या रंगाची अर्धी लोकर पाठीला लागेल, अर्धी पुढच्या भागाला. पुढे गळ्याची खाच असल्यानं थोडी उरेलही. गळ्याची आणि मुंढ्यांची पट्टी नव्या रंगात, त्यासाठी आणखी ५० ग्रॅमचा एक गुंडा धरा. पट्ट्या दोन ओळींच्या ठेवण्याचं कारण असं की दोन ओळींनी धागा पुन्हा त्याच कडेला येतो, तो तोडावा लागत नाही, आणि शेवटी पन्नास टोकं लपवत बसावं लागत नाही. तुमचा मफलर त्याच जाडीचा असेल आणि रंग शोभत असेल, तर नवी लोकर घ्यायची गरजच नाही. मफलर बिनदिक्कत उसवा. हातभर मफलरमध्ये अडवून ठेवण्यासारखं काही नसतं.

उसवलेली लोकर शेवयांसारखी वळलेली असते. तशीच विणली तर टाके लहान-मोठे येतात. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, टॉवेलमध्ये दाबा आणि सावलीत टांगा. खरी लोकर सरळ होते. ॲक्रिलिकच्या वळ्या पूर्ण जात नाहीत, पण विणण्याइतक्या मऊ पडतात. मग सैल गुंडा करा. ताणून बांधलेला गुंडा ताणलेली लोकर विणायला देतो आणि स्वेटर धुतल्यावर आटतो.

इतक्या वर्षांनी तुमच्या हाताचा ताणही बदललेला असणार. पहिल्या सात-आठ ओळी झाल्या की खालच्या विणीशी रुंदी ताडून बघा. सैल येत असेल तर एक नंबर बारीक सुई, घट्ट येत असेल तर एक नंबर जाड. पायमोज्याचंही तेच. पहिल्या मोज्यात दर दहा ओळींनी रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवा, म्हणजे नमुना हातात येतो. टाच कशी वळवलीय ते त्यातच वाचता येतं. शिवाय पहिला मोजा तोला. शिल्लक लोकर तेवढी नसेल तर दुसऱ्याची बोटं वेगळ्या रंगात करा, आणि पहिल्याची बोटंही उसवून त्याच रंगात करा, नाहीतर जोडी दिसत नाही.

शालीचा कागद हरवला तरी नमुना शालीत आहेच. नीट झालेल्या भागाचा फोटो काढून मोठा करा. जाळीतलं प्रत्येक भोक म्हणजे सुईवर लोकर घेऊन वाढवलेला एक टाका, आणि त्याच्या जोडीला कुठेतरी दोन टाके एकत्र विणलेले असतात. म्हणून ओळीतले टाके कायम तेवढेच राहतात. मोजून एक कमी आला तर भोक राहिलं, एक जास्त आला तर जोडणी राहिली. निसटलेले टाके वर चढवायला जाळीत फार खटपट करू नका. साध्या सुलट विणीत क्रोशाच्या सुईनं पायरी-पायरीनं टाका वर आणता येतो, जाळीत ते जमवणं डोकेदुखी आहे. शेवटची निर्दोष उलट ओळ शोधा, तिच्यातून दोरा ओवा, तिथपर्यंत उसवा. टाके सुईवर परत घेताना प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला हवा. मागे असेल तर तो टाका पिळलेला विणला जातो आणि जाळीत ते डाग पडल्यासारखं दिसतं. पुढे विणताना दर नमुन्यानंतर असा दोरा ओवायची सवय लावली की शाल दुसऱ्यांदा ट्रंकेत जाणार नाही.

आता कताई.

तुम्ही घेतलेली लोकर दख्खनी मेंढीची असणार. ही मेंढी आपल्या कोरड्या हवेची आणि लांबच्या चालीची आहे. लोकर आखूड, जाड आणि केसाळ. वर्षातून दोनदा कातरणी होते, म्हणून तंतू आणखीच आखूड. मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीचा तंतू २४ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतो, दख्खनीचा त्याच्या दीडपट-दुप्पट जाड, म्हणून तो टोचतो. तिची जागा घोंगडीत आहे. चिंचोक्याची खळ लावलेली घोंगडी पाऊस अडवते, ती या जाड केसांच्या जोरावरच. गळ्याशी येणाऱ्या हाफ स्वेटरला ती लावलीत तर यजमान तो दुसऱ्यांदा घालणार नाहीत. त्या दोन किलोची आसनं करा, पायपुसणी करा, पिशवी करा.

आणि पेटी चरखा कापसासाठी आहे. गांधीजींनी १९३० च्या सुमारास येरवडा तुरुंगात असताना त्याला घडी घालून पेटीत मावेल असं रूप दिलं, म्हणून त्याला येरवडा चक्रही म्हणतात. त्याची दोन चाकं मिळून बारीक चाती (धाग्याला पीळ देणारी टोकदार सळई) प्रचंड वेगानं फिरवतात, कारण कापसाच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या तंतूला धरून ठेवायला खूप पीळ लागतो. लोकरीला इतका पीळ दिला तर धाग्याची तार होते. उलट बाजूनंही गणित जमत नाही. २० काउंटचं सूत (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा) एका ग्रॅममध्ये सुमारे ३४ मीटर भरतं, म्हणजे हजार मीटरची एक गुंडी ३० ग्रॅमच्या आसपास. स्वेटरची डबल निटिंग लोकर ग्रॅमला सव्वादोन मीटर. तेवढी जाडी सुतानं गाठायची तर पंधरा पदर एकत्र पिळावे लागतील. चरखा उतरवा जरूर, पण त्यावर सूत काता.

शिकायला सुरुवात करायची ती लोंबत्या टकळीवर, आणि दख्खनी लोकरीवरही नाही. विंचरून पट्टा केलेली, आठ-दहा सेंटिमीटर तंतूची १०० ग्रॅम लोकर ऑनलाइन मागवा. ‘कॉरिडेल टॉप’ म्हणून शोधा (कॉरिडेल ही मेंढीची जात). मेरिनो मऊ असली तरी नवख्या हातातून सटकते. टकळी घरी होते. ३० सेंटिमीटर लांबीची, बोटाहून बारीक गोल काठी, दोन जुन्या सीडी आणि त्यांच्या भोकात घट्ट बसेल असं वायरिंगचं रबरी ग्रोमेट (खाचेची रबरी कडी). सीडी काठीच्या वरच्या टोकापासून चार-पाच सेंटिमीटरवर बसवा आणि डोक्यावर छोटा पितळी कप हूक पिळून लावा. सगळं मिळून ४० ते ५० ग्रॅम भरावं. हलकी टकळी लवकर उलटी फिरते, जड टकळी कच्चा धागा तोडते. हूक मध्यावर नसेल तर टकळी डुगडुगते, त्याला चिमट्यानं वाकवून सरळ करा.

पट्टा कात्रीनं कापायचा नाही. दोन मुठी एकमेकींपासून वीसेक सेंटिमीटरवर धरून ओढला की सुटतो. मुठी जवळ धरल्या तर जोर लावूनही सुटत नाही, कारण प्रत्येक तंतूची दोन्ही टोकं तुमच्याच हातात असतात. कताईत हीच गोष्ट क्षणोक्षणी आड येते. दोन हातांतलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा जास्त हवं. ओढूनही लोकर पुढे येत नसेल तर नव्वद टक्के वेळा हात जवळ आलेले असतात. उरलेल्या वेळा पीळ वरच्या मोकळ्या लोकरीत शिरलेला असतो. टकळी दोन फेरे उलटी फिरवा, सुटेल.

हातभर पट्टा उभा फाडून पेन्सिलइतक्या जाडीच्या चार वाती करा. साठेक सेंटिमीटर खरखरीत लोकरीचा धागा चकतीच्या खाली काठीला बांधा, चकतीच्या कडेवरून वर आणून हुकात अडकवा. त्याच्या सुट्या टोकावर वातीचं विस्कटलेलं टोक सात-आठ सेंटिमीटर ठेवून चिमटीत धरा. टकळी उजवीकडे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा. धाग्यात पीळ साठला की टकळी दोन गुडघ्यांत दाबून थांबवा. फिरती टकळी आणि ओढणं दोन्ही एकदम सांभाळायला जाऊ नका, पहिले आठ दिवस तर नाहीच. थांबलेल्या टकळीवर डाव्या हातानं वात मागे ओढून पातळ करा, मग उजव्या चिमटीची पकड सैल करत ती वर सरकवा. पीळ त्या पातळ लोकरीत धावत चढतो आणि धागा होतो. पुन्हा ओढा, पुन्हा सरकवा. हातभर धागा झाला की हुकातून काढून चकतीखाली गुंडाळा, वीतभर मोकळा ठेवून परत हुकात अडकवा.

टकळी जमिनीवर पडते ती तीन कारणांनी. जोड अपुरा मिसळला, धागा पातळ झालेल्या जागी पीळ पोचला नाही, किंवा टकळीचा वेग संपून ती उलटी फिरायला लागली आणि दिलेला पीळ स्वतःच काढून गेली. तिसरं कारण नवख्यांच्या लक्षात येत नाही. नजर वर लोकरीवर असते, टकळी खाली गुपचूप मागे फिरते. पीळ किती पुरे हे बघायला ताजा धागा ओंजळभर सैल सोडा, तो स्वतःवर वळून दोन पदरांची वेणी होईल. ती वेणी तुम्हाला हव्या त्या धाग्यासारखी दिसली तर पीळ बरोबर. ढिली असेल तर आणखी द्या, गाठी पडत असतील तर कमी करा.

टकळीवर २०-२५ ग्रॅम झालं की एक गुंडी काढा, दुसरी काता, मग दोन्ही गुंड्या दोन वेगळ्या पातेल्यांत ठेवून दोन धागे एकत्र घ्या आणि या वेळी टकळी डावीकडे फिरवा. कातताना दिलेला पीळ उलट्या दिशेनं थोडा सुटतो आणि दोन्ही पदर एकमेकांना धरून शांत होतात. एकपदरी धागा विणला तर कापड तिरकं होत जातं, म्हणून ही पायरी गाळू नका. मग लडी करून कोमट पाण्यात अर्धा तास, टॉवेलमध्ये दाबणं, मोरीच्या कडेवर दोनदा आपटणं आणि मोकळी टांगणं. खाली वजन बांधू नका, नाहीतर लोकरीचा लवचीकपणा जातो. सुकल्यावर पट्टीवर शेजारी शेजारी गुंडाळा. इंचात बाराच्या आसपास फेरे बसले तर तुमची लोकर डबल निटिंगच्या जवळ आहे. पहिल्यांदा ती कुठे आठ येईल, कुठे सोळा. तिची कानटोपी करा, गाठाळ लोकर टोपीत खपून जाते.

वेळेचा अंदाजही घ्या. नवखा हात तासाला वीसेक मीटर एकपदरी धागा काढतो. एका कानटोपीला दुपदरी दोनशे मीटर लोकर धरली, तर चारशे मीटर एकपदरी धागा, म्हणजे वीस तास, वर पदर घालण्याचे वेगळे. रोज सकाळी पंधरा मिनिटं बसलात तर अडीच-तीन महिने. यजमानांच्या स्वेटरची पट्टी या लोकरीवर का अडकवायची नाही, ते या हिशेबावरून कळेल.

हात बसल्यावर दख्खनी लोकर काढा. तोवर ती ट्रंकेपासून लांब, कापडी पिशवीत टांगून ठेवा. कच्ची लोकर हीच कसरीची आवडती जागा. गॅलरीत बसून, नाकावर मास्क लावून कुसळं, गोखरू, गोचीड झटकून काढा. दोनशे ग्रॅम जाळीच्या पिशवीत घालून, हात सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन चमचे टाकून वीस मिनिटं नुसती बुडवून ठेवा. ढवळू नका, नळाची धार सोडू नका. गरम पाण्यात चोळलेली किंवा गरमातून एकदम गार पाण्यात टाकलेली लोकर आटून नमदा होते. तेवढ्याच गरम पाण्यात दोनदा विसळा, सावलीत सुकवा. मळकट पाणी मोरीत ओतलंत तर केसांनी जाळी तुंबते, झाडांना घाला. विंचरायला कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश पुरतात. वाती जाड ठेवा, पीळ थोडा जास्त द्या, दुपदरी करा आणि पाच मिलिमीटरच्या, म्हणजे ६ नंबरच्या सुयांवर सगळ्या सुलट ओळींनी आसन विणा. नाशिकच्या थंडीत सकाळी ही लोकर हाताला ताठ लागते, कारण तिच्यातला मेणचटपणा गारठलेला असतो. थोडा वेळ उन्हात ठेवली की मोकळी होते.

चरख्याचं पावसाळ्यात बघा. कापसाला दमट हवा मानवते, ओल धरलेलं सूत कोरड्यापेक्षा पक्कं असतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते तडतडतं, हाताला चिकटतं आणि तुटतं. बसायचंच असेल तर शेजारी ओलं फडकं टांगा. वर्षानुवर्षं माळ्यावर राहिलेल्या चरख्यात बहुधा माळ (चाकांवरून चातीवर जाणारी दोरी) सैल झालेली असते आणि चाती वाकलेली असते. चाती काचेवर गडगडवून पाहा, उसळली तर वाकलीय. चाती जिथे टेकून फिरते तिथे आणि बाकी फिरत्या जागी शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्या, चाकांच्या खाचेत मात्र तेल लागू देऊ नका, माळ घसरते. पेळू, म्हणजे कातायच्या कापसाच्या वाती, खादीचं काम करणाऱ्या संस्थांकडे मिळतात. धागा चात्याच्या टोकाशी तिरका धरायचा, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला तो टोकावरून घसरतो आणि एक पीळ पडतो. काटकोनात धरलात तर पीळ पडत नाही, नुसतं गुंडाळलं जातं. हातभर सूत निघालं की ओढणं थांबवून आणखी थोडे फेरे द्या, कापसाला शेवटचा पीळ लागतोच. मग हँडल अर्धा फेरा उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवा, धागा काटकोनात आणा आणि गुंडाळा. हा उलटा अर्धा फेरा विसरला की सूत नेमकं टोकापाशी तुटतं.